लाळेतलं पाणी आटतं तेव्हा

घशाच्या कॅन्सरवर किरणोपचार सुरू झाले, की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुग्णाच्या उशाशी एक वाडगं येतं. तो थुंकायला पुढे वाकतो. लाळ ओठांपासून वाडग्यापर्यंत पोचते, पण तिची तार काही तुटत नाही. शेवटी बोटाने किंवा रुमालाने ती ओढून काढावी लागते. टाळूपासून जिभेच्या मुळापर्यंत पांढरट चिकटा बसलेला असतो. खाकरावं तर घशाची आग होते, न खाकरावं तर श्वास अडकेल अशी धास्ती वाटते. मध्यरात्री ठसका लागतो, उमासे येतात, झोप मोडते. दुसऱ्या दिवशी घरचं माणूस डॉक्टरांना सांगतं, "कफ फार झालाय हो, सुकवायचं काहीतरी द्या."

ही विनंती अगदी कळवळ्याने केलेली असते, पण बहुतेक वेळा तिची दिशा उलटी असते. रुग्णाला जो कफ वाढल्यासारखा वाटतो, तो मुळात आटलेल्या पाण्याचा परिणाम असतो. तो आणखी सुकवला तर चिवटच होणार.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यात जवळजवळ ९९ टक्के पाणी असतं. मोठ्या लालाग्रंथींच्या तीन जोड्या असतात. गालगुंड झाल्यावर जी सुजते, ती कानाजवळची ग्रंथी सर्वांत मोठी, आणि तिची लाळ पाण्यासारखी पातळ. जबड्याखालच्या ग्रंथीची लाळ पातळ-घट्ट अशी मिश्र असते. जिभेखालची ग्रंथी आणि ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात विखुरलेल्या शेकडो बारीक ग्रंथी प्रामुख्याने चिकट लाळ पुरवतात. चारी ठाव जेवणाचा घास सहज गिळता येतो तो या सगळ्यांच्या मिश्रणामुळे.

घशाच्या कॅन्सरसाठी नेहमी दिला जाणारा पूर्ण डोस म्हणजे सुमारे ७० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक). आठवड्याचे पाच दिवस, रोज थोडा थोडा, असा तो सात आठवड्यांत विभागून देतात. वॉर्डातले लोक याला 'लाईट घेणं' किंवा 'शेक घेणं' म्हणतात. या किरणांपुढे पातळ लाळ बनवणाऱ्या पेशी सर्वांत आधी हार खातात. एरवी किरणांचा जोर भराभर विभागणाऱ्या पेशींवर जास्त चालतो. या पेशी तर क्वचितच विभागतात, तरीही त्या इतक्या नाजूक का, या कोड्याने संशोधकांना बराच काळ गुंतवून ठेवलं आहे. पहिल्या आठवड्यातच लाळ जवळपास निम्म्यावर येऊ शकते. चिकट लाळेच्या पेशी त्यामानाने तग धरतात. म्हणजे पाणी जातं आणि चिकटा मागे उरतो.

हा चिकटपणा येतो म्युसिन नावाच्या प्रथिनांमुळे. म्युसिनचा रेणू लांबलचक असतो आणि त्याच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचे दाट केस असतात. पेशीच्या आत तो घट्ट दाबून ठेवलेला असतो. कॅल्शियमचे कण त्याचे वेढे आवळून धरतात. बाहेर पडल्यावर कॅल्शियम सुटतं, रेणू पाणी शोषतो आणि क्षणार्धात शेकडो पट फुगतो. सब्जाचं बी आठवा. पेलाभर पाण्यात टाकलं तर दाणा दाणा सुटा, गुळगुळीत. तेच चमचाभर पाण्यात टाकलं तर एकच चिकट गोळा. बी तेवढंच, फरक फक्त पाण्याचा.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एरवी आपण दिवसभरात शेकडो वेळा नकळत आवंढा गिळतो, त्यामुळे लाळ कधी साचत नाही. घसा सोलवटला की प्रत्येक आवंढा सुरीसारखा लागतो, आणि रुग्ण गिळणंच टाळतो. मग तयार झालेली थोडकी लाळही तोंडात साचते, हवेने सुकते, आणखी घट्ट होते. दुसरं म्हणजे सोलवटलेल्या अस्तरातूनही स्राव आणि मेलेल्या पेशींचे पापुद्रे सुटतात, ते त्याच लाळेत मिसळतात.

तेव्हा उपाय दोनच: पातळ करा आणि बाहेर काढा. त्यातला सगळ्यांत स्वस्त आणि भरवशाचा म्हणजे मीठ-सोड्याच्या गुळण्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नको, त्यात आम्लही मिसळलेलं असतं. सकाळी बाटली भरावी, दिवसभर वापरावी, उरलेलं रात्री ओतून द्यावं. सोडाच का? निरोगी लाळेत बायकार्बोनेट असतंच, आम्लाला आवर घालण्याचं काम तेच करतं, आणि सोडा म्हणजे तेच बायकार्बोनेट. म्युसिनला आवळून धरणारं कॅल्शियम सोडवायलाही ते मदत करतं. औषधी माउथवॉशची रंगीत बाटली महागडी असते, म्हणून ती जास्त गुणकारी असं नाही. तिच्यात अल्कोहोल असेल तर आग होते आणि कोरड वाढते, ती या काळात नकोच.

गुळणी कशी करायची हे मात्र कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं. घसा सोलवटलेला असताना मान मागे टाकून गडगडाट करायचा नाही. कोमट पाण्याचा लहान घोट घ्यायचा, गालांत आणि जिभेभोवती अर्धा मिनिट घोळवायचा, मान डावी-उजवीकडे कलती करायची आणि पुढे वाकून पाणी आपोआप पडू द्यायचं. पहिल्या घोटाने चिकट्याची कड सुटते, तार निघते ती दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला. जागेपणी दर दोन तासांनी हे करावं, आणि जेवणाच्या किंवा औषधाच्या आधी नक्की. तोंड मोकळं झाल्यावर दोन घास जास्त जातात, हे घरच्यांच्या लगेच लक्षात येतं.

पाणी आतूनही हवं. नाकातून राइल्स ट्यूब घातलेल्या रुग्णाला घरचे वेळेवर पेज आणि दूध देतात, पण नुसतं पाणी द्यायचं राहून जातं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर सगळं मिळून दिवसाला दोन-अडीच लिटर द्रव जायला हवा. सोबत सिस्प्लाटिन हे केमोथेरपीचं औषध चालू असेल तर मूत्रपिंडासाठीही तो हवाच. नळी असली तरी डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर तोंडाने पाण्याचे घोट घेत राहावं. गिळण्याचे स्नायू आठवडेच्या आठवडे बसून राहिले, तर नंतर त्यांना कामाला लावणं अवघड जातं.

रात्रीचा त्रास वेगळाच. झोपेत लाळ जवळपास थांबते, गिळणंही कमी होतं, आणि तोंड उघडं राहिलं की हवा उरलेली ओल पळवते. म्हणून दोन-तीन उशांचा उतार करून डोकं आणि छाती उचललेली ठेवावी. खोलीत गार वाफेचा ह्युमिडिफायर मिळाला तर उत्तम, फक्त त्यातलं पाणी रोज बदलायचं आणि भांडं घासायचं. उकळत्या पातेल्यावर टॉवेल पांघरून वाफ घेणं मात्र टाळावं. किरणांनी आधीच भाजल्यासारखी झालेली मानेची कातडी वाफेने सहज पोळते. अगदीच निभत नसेल तर डॉक्टरांना विचारून सक्शन मशीन घ्यावं. मोठ्या शहरांत ते भाड्यानेही मिळतं. नळीचं टोक गालाच्या आत आणि जिभेवरच फिरवायचं, घशात खोल घालायचं नाही.

आता न करायच्या गोष्टींकडे वळतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. दुकानातून आणलेल्या खोकल्याच्या अनेक सिरपांत क्लोरफेनिरामाइनसारखं सर्दीचं औषध असतं. ते स्राव सुकवतं. नाक गळत असताना ठीक, पण इथे पाण्याचाच दुष्काळ आहे. काही वेळा डॉक्टर लाळ कमी करणारं औषध स्वतःहून देतात, ते पातळ लाळ नुसती गळत असते तेव्हा. तो निर्णय त्यांचा. कफ पातळ करणारी औषधं किंवा सलाइनचं नेब्युलायझेशन काहींना चांगलं लागू पडतं, तेही विचारूनच. आलं, मिरी, लवंगेचा काढा सोलवटलेल्या घशाला सोसत नाही. अननसाच्या रसातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं, म्हणून तो पुष्कळ जण सुचवतात, पण त्याचं आम्ल जखमेवर झोंबतं. पिकलेली पपई त्यामानाने सौम्य. तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नये.

आणि दूध. आपल्याकडे "दुधाने कफ होतो" हे इतकं पक्कं बसलेलं आहे, की पहिल्यांदा दूधच बंद होतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ६० निरोगी स्वयंसेवकांना सर्दीचा विषाणू मुद्दाम दिला, ते किती दूध पितात याची नोंद ठेवली आणि नाकातून आलेल्या स्रावाचं वजन केलं. दुधाचा आणि स्रावाच्या वजनाचा संबंध आढळला नाही. दुधाने कफ होतो असं मानणाऱ्यांना त्रास जास्त जाणवला, स्राव मात्र जास्त आला नाही. हा अभ्यास सर्दीचा आहे, किरणोपचाराचा नाही, हे खरं. शिवाय दूध लाळेत मिसळलं की तोंडात दाट साय धरल्यासारखं वाटतं, तोही भ्रम नाही. पण ज्या माणसाचं वजन दर आठवड्याला उतरतंय, त्याच्या ताटातून प्रथिनांचा इतका सोपा स्रोत काढून घेणं मला योग्य वाटत नाही. दूध पातळ करून द्या, वर दोन घोट पाणी द्या. तरीही चिकटा असह्य झाला, तरच आहारतज्ज्ञांना विचारून पर्याय शोधा.

स्वरयंत्र काढून टाकलेल्या रुग्णांची गोष्ट निराळी. ते गळ्याला केलेल्या छिद्रातून, स्टोमातून श्वास घेतात. नाक हवेला ऊब आणि ओल देतं, धूळ अडवतं. ते वगळलं की कोरडी, धुळकट हवा थेट श्वासनलिकेत शिरते. श्वासनलिका स्वतःच्या बचावासाठी खरोखरच जास्त कफ बनवू लागते. स्टोमावर बसवायचा छोटा फिल्टर उच्छ्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवतो आणि पुढच्या श्वासाला परत देतो. तो नियमित वापरला की काही आठवड्यांत खोकला आणि कफ कमी होतो. परवडत नसेल तर निदान ओलसर गॉजचा पडदा तरी छिद्रावर हवा. कफाची खपली धरून छिद्र बुजायला लागलं, तर ती तातडीची बाब आहे.

हा त्रास कमी करण्याची सर्वांत मोठी संधी उपचार सुरू होण्याआधी असते. किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या आयएमआरटी तंत्राने कानाजवळच्या ग्रंथी बऱ्याच वाचवता येतात. त्यांच्यावरचा सरासरी डोस २५-२६ ग्रेच्या आत राहिला, तर त्या पुढे सावरू शकतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या पार्स्पोर्ट चाचणीत वर्षभरानंतर ठळक कोरड जुन्या पद्धतीने उपचार घेतलेल्या ७४ टक्के रुग्णांत होती, आयएमआरटी घेतलेल्या ३८ टक्के रुग्णांत. मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही ६० रुग्णांवर अशी तुलना केली. २०१२ साली आलेल्या त्या निष्कर्षांत उपचारादरम्यानचा लालाग्रंथींचा मध्यम ते तीव्र त्रास ८९ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर आलेला दिसला. गाठ ग्रंथीच्या अगदी जवळ असेल तर ती वाचवता येत नाही, कारण कॅन्सर मारणं आधी. पण "माझ्या लालाग्रंथी वाचवता येतील का?" हा प्रश्न किरणोपचारावेळी डोकं स्थिर धरणाऱ्या मास्कचं माप घेण्याआधी विचारायला हरकत नाही.

१००.४ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, कफात ताजं रक्त, हिरवट दुर्गंधी बेडका, पाणी पिताना दरवेळी ठसका, श्वासाला घरघर, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

शेवटचा लाईट झाला, की घरात पेढे येतात. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मात्र बहुधा सर्वांत कठीण जातात, कारण किरणांचा परिणाम लगेच थांबत नाही. हे आधी सांगितलेलं नसेल तर "आजार परत आला की काय" म्हणून सगळे हादरतात. पुढे एक ते तीन महिन्यांत अस्तर भरून येतं, लाळेची तार तुटायला लागते. कोरड मात्र सावकाश, वर्ष-दोन वर्षं सुधारत राहते, आणि काहींची कायम राहते. लाळ कमी म्हणजे दातांचं संरक्षणही कमी, त्यामुळे फ्लोराइड आणि दर सहा महिन्यांनी तपासणी लागतेच. किरणं लागलेल्या जबड्याची जखम नीट भरत नाही, हाड सडू शकतं. म्हणून दात काढायची वेळ आली तर खुर्चीत बसण्याआधी दंतवैद्याला किरणोपचाराची फाइल दाखवावी, मग उपचारांना दहा वर्षं का झालेली असेनात.