टॅको, बरीटो आणि आपली भाकरी

दुबईहून सुट्टीवर आलेल्या आमच्या भाच्याने मिरजोळ्याच्या घरी चहा घेता घेता प्रश्न टाकला, "मामू, औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला एक गाळा मिळतोय. तिथे मेक्सिकन काढू काय?" तो तिकडे एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे, हाताला सफाई आहे, गाठीला थोडी शिल्लक आहे आणि पुन्हा परदेशी जाण्याचे मन नाही. आपल्या रत्नागिरी तालुक्यात असा एक तरी मुलगा बहुतेक मोहल्ल्यांत सापडेल. वाळवंटात घालवलेल्या वर्षांची ही पुंजी एकदाच हातात येते आणि चुकीच्या गाळ्यात गेली तर पुन्हा व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागते. म्हणून आम्ही त्याला तेव्हा हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. आधी तो पदार्थ खाऊन तर पाहू, एवढेच म्हटले.

त्यानंतर मुंबईला मालाच्या खरेदीसाठी जाणे झाले तेव्हा आम्ही कुटुंबासह अशा एका साध्या मेक्सिकन उपाहारगृहात बसलो. पांढऱ्या टेबलक्लॉथचे हॉटेल नव्हे. लाकडी बाके, भिंतीवर रंगीत टाइल्स, समोर काचेमागे पदार्थांचे डबे. मेनूकार्ड पाहून आमच्या घरच्यांनी ते परत आमच्याकडे सरकवले. नावे कळत नाहीत म्हणून माणूस बिचकतो. पण नावे बाजूला ठेवली तर ताटात आलेले सर्व आपल्या ओळखीचेच निघाले. मक्याची पातळ लहान भाकरी म्हणजे तोर्तिया. तिच्यात मांस किंवा मासळी, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून दुमडली की टॅको झाला. मैद्याच्या मोठ्या चपातीत भात, राजमा आणि मांस गुंडाळले की बरीटो. दोन चपात्यांमध्ये चीज घालून तव्यावर भाजले की केसाडिया. भाकरीची गुंडाळी मिरचीच्या रश्शात बुडवली की एन्चिलाडा. आणि साल्सा म्हणजे कांदा-टोमॅटोची आपली कचुंबरच, फक्त जरा बारीक चिरलेली.

तळलेल्या भाकरीच्या तुकड्यांवर चीज आणि मिरची, म्हणजेच नाचोज, याची हकिगत मात्र प्रत्येक हॉटेलवाल्याने ऐकावी अशी आहे. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरील पिएद्रास नेग्रास या गावी १९४०च्या सुमारास अमेरिकन बाजूकडून काही स्त्रिया खाण्यासाठी आल्या. आचारी जागेवर नव्हता. इग्नासिओ अनाया नावाच्या व्यवस्थापकाने, ज्याला लोक लाडाने नाचो म्हणत, हाताशी असलेल्या भाकऱ्या त्रिकोणी कापून तळल्या, वर चीज वितळवले, आंबवलेल्या मिरचीच्या चकत्या ठेवल्या आणि ताट पुढे केले. आज तोच पदार्थ सिनेमागृहात विकला जातो.

आता भाकरीविषयी थोडे विस्ताराने, कारण या धंद्याचा कणा तीच आहे. आपल्या बाजारातील मक्याचे पीठ आणून तोर्तिया करायला घ्याल तर ती चिरते आणि दुमडताना तुटते. मक्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो. आपल्याकडे तांदळाच्या पिठालाही तो नसतो, म्हणून कोकणातल्या बायका पाणी उकळून त्यात पीठ घालतात, उकड काढतात आणि मग भाकरी थापतात. मेक्सिकोतल्या लोकांनी यासाठी वेगळा उपाय शोधला. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी धुऊन साली काढायच्या आणि ओलेच दळायचे. चुन्याने दाण्याची साल सुटते, पीठ एकजीव होते आणि भाकरीला विशिष्ट वास येतो. शिवाय मक्यातले एक जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपियनांनी मका नेला, पण चुन्याची कृती नेली नाही. म्हणून इटली-स्पेनमध्ये केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा कातडीचा आणि पुढे डोके बिघडवणारा रोग जडला. आपल्या देशात बहुतेक ठिकाणी ही खटपट न करता मैद्याचीच चपाती वापरतात. ज्याला खरी मक्याची द्यायची आहे त्याने चुना लावलेल्या मक्याचे तयार पीठ मागवावे. ते महाग पडते, हे हिशेबात धरावे.

आपल्या वाचकांचा पुढचा प्रश्न उघड आहे. यात हलाल काय आणि काय नाही? आम्ही त्या मुंबईच्या जागी पोऱ्याला विचारले, "भाऊ, राजमा कशात परतलाय?" तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "तेलातच असेल." या 'असेल'वर आम्ही राजमा सोडला. कारण मूळ मेक्सिकन स्वयंपाकात डुकराची चरबी, तिकडे तिला मांतेका म्हणतात, सर्वत्र शिरते. घोटलेला राजमा तिच्यात परततात, मैद्याच्या तोर्तियात ती मळतात, तामाले नावाच्या पानात उकडलेल्या पदार्थातही ती असते. कार्नितास, चोरिझो, चिचारोन ही नावे कार्डावर दिसली तर मूळ कृतीत ती डुकराचीच. मांस मुरवताना टकीला किंवा बिअर घालण्याचीही पद्धत आहे. भारतात ही हॉटेले बहुधा कोंबडी आणि पनीरवर चालतात. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर बैलाच्या मांसाचाही प्रश्न उरला नाही. तरीही कोंबडी कोणाकडून येते आणि तेलाची कढई एकच आहे का, हे दोन प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. तयार तोर्तियाच्या पाकिटावर शाकाहाराची हिरवी गोल खूण असेल तर चरबीची शंका उरत नाही.

गंमत अशी की याच स्वयंपाकात अरबांचा हात जागोजागी दिसतो. स्पेनवर मुसलमानांचे राज्य काही शतके होते आणि तिथली भाषा पुढे मेक्सिकोत गेली. तांदळाला ते आरोस म्हणतात, तो अरबीतला रुझ्झ. साखरेला असूकार, तेलाला असेइते म्हणजे जैत. रश्शातले कोफ्ते त्यांच्याकडे आल्बोन्दिगास झाले, तो शब्द अरबी बुन्दुकवरून आला. पुढे विसाव्या शतकात लेबनॉन आणि आसपासच्या प्रदेशांतले लोक पुएब्ला शहरात स्थायिक झाले आणि त्यांनी उभ्या सळईवरचे मांस सोबत नेले. आपल्या शवर्माचाच तो भाऊ. त्याला तिकडे 'अरबी टॅको' हे नाव पडले आणि त्यातूनच मेक्सिकोचा प्रसिद्ध 'अल पास्तोर' निघाला. फक्त सळईवर बकऱ्याच्या जागी डुक्कर आले, तेव्हा नावाने फसू नये. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. आपली मिरची, मका, टोमॅटो, पपई, चिकू हे सर्व त्याच मुलखाचे. त्यांच्याकडे आंबा गेला तो फिलिपीन्सच्या जहाजांतून, आणि आज आंब्याच्या निर्यातीत मेक्सिको आपल्याही पुढे आहे. हापूसवाल्यांनी हे लक्षात ठेवावे. कापलेल्या आंब्यावर मीठ, लिंबू आणि तिखट भुरभुरून ते रस्त्यावर विकतात.

आपल्याच माणसाने मेक्सिकन हॉटेल चालवल्याचा एक दाखलाही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातले शेतकरी, शीख आणि मुसलमान दोन्ही, कॅलिफोर्नियात शेतमजुरीला गेले. १९१७च्या अमेरिकन कायद्याने नव्या लोकांचे येणे बंद झाले आणि गावाकडून बायका आणणे अशक्य झाले. गोऱ्या स्त्रियांशी लग्नाला कायदा आडवा येत होता. तेव्हा पुष्कळांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. अशाच एका घरातल्या गुलाम रसूल आणि इनेझ रसूल या जोडप्याने युबा सिटी येथे १९५४ साली 'रसूल्स एल रांचेरो' हे हॉटेल काढले. कार्डावर एन्चिलाडा आणि कोंबडीचा रस्सा शेजारी शेजारी असत. त्यांचा 'रोटी केसाडिया' विशेष प्रसिद्ध होता: मक्याच्या तोर्तियाऐवजी आपली रोटी, आत मांस, कांदा आणि चीज. हे हॉटेल १९९३पर्यंत चालले. जवळजवळ चाळीस वर्षे! भाच्याला आम्ही हेच सांगितले, की रसूलमियांनी परक्या पदार्थाची हुबेहूब नक्कल केली नाही. जी रोटी घरात चांगली होत होती ती वापरली.

कॅलिफोर्नियातच २०१७च्या रमजानमध्ये सांता आना आणि आसपासच्या मशिदींबाहेर हलाल टॅकोच्या गाड्या उभ्या राहिल्या, इफ्तारला मेक्सिकन शेजारी बोलावले गेले. फ्रान्समध्ये तर ल्योन आणि ग्रेनोबलच्या भागात, उत्तर आफ्रिकेतून आलेल्यांच्या लहान दुकानांतून 'फ्रेंच टॅको' नावाचा पदार्थ वाढला. त्याचा मेक्सिकोशी संबंध नावापुरताच, पण हलाल मांसामुळे तरुणांची रांग लागते.

आता हिशेबाकडे येऊ. अमेरिकेत ग्लेन बेल याने १९६२ साली टॅको बेल काढले, आणि १९९३ साली डेन्व्हरमध्ये स्टीव्ह एल्स याने चिपोटले. भारतात टॅको बेल २०१० साली बंगळूरला आले, तर २०१२ साली तिथेच कॅलिफोर्निया बरीटो ही साखळी सुरू झाली. या सर्वांचे गुपित एकच. काचेमागे आठ-दहा डबे असतात: भात, राजमा, दोन प्रकारचे मांस, पनीर, साल्सा, कोबी किंवा सॅलड, दही. त्यांतूनच कार्डावरचे वीस पदार्थ निघतात. ग्राहक समोर उभा राहून सांगतो, पोऱ्या भरतो, दोन मिनिटांत काम होते. बिर्याणीला उस्ताद लागतो, तो रुसला की दुकान बंद; इथे सकाळी एक जाणता माणूस मसाला आणि राजमा करून गेला की उरलेला दिवस शिकाऊ पोरे सांभाळतात. भात आणि राजमा स्वस्त, पोट त्यानेच भरते.

हॉटेलच्या धंद्यात ढोबळ नियम असा, की विक्रीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पैसा कच्च्या मालात जाऊ नये. समजा बरीटोचे ताट १८० रुपयांना विकले, तर साठ रुपयांत माल बसला पाहिजे. भात-राजमा-भाजीला पंधरा, कोंबडीला पंचवीस, चपातीला आठ, दही-साल्साला सात, पुडीला पाच. बरोबर साठ झाले. आता यात चीज आणि अ‍ॅव्होकॅडो घाला. अ‍ॅव्होकॅडो हे लोण्यासारखे फळ तमिळनाडू-कूर्गकडून किंवा परदेशातून येते, कच्चे असते तोवर दगड आणि पिकले की दोन दिवसांत काळे. ज्या दिवशी गिऱ्हाईक नाही त्या दिवशी नफा कचऱ्यात. नव्या दुकानदाराने त्याच्या नादी न लागलेले बरे. घट्ट दह्यात कोथिंबीर-मिरची वाटून दिली तरी बरीटोला लागणारा ओलावा मिळतो.

बिलाचेही सांगून ठेवतो, खाणाऱ्यासाठी आणि विकणाऱ्यासाठी. साध्या उपाहारगृहाला नोव्हेंबर २०१७पासून पाच टक्के जीएसटी आहे, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही; म्हणजे फ्रिज आणि शेगडीवरचा कर तुमच्या पदरचा. कॉम्पोझिशन योजनेत असाल तर ग्राहकाच्या बिलात कर वेगळा लावता येत नाही. सेवाशुल्क ही वेगळी बाब. ते सरकारचे नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये ते बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ती सूचना कायम ठेवली. आमच्या मुंबईच्या बिलात दहा टक्के लागले होते. सांगितल्यावर गल्ल्यावरच्याने हसून काढले. न सांगणाऱ्यांचे काय होत असेल, ते त्यांनाच ठाऊक.

आणि मिरजोळे? औद्योगिक वसाहतीतला कामगार दुपारी अर्ध्या तासात जेवतो, त्याला ताट हवे आणि ते भाताचे हवे. त्याच्यासमोर 'बरीटो' हा शब्द ठेवून उपयोग नाही, पण भात, राजमा, कोंबडी एका वाडग्यात, ऐंशी-नव्वद रुपयांत दिली तर तो घेईल असे आमचे मत आहे. संध्याकाळचे गिऱ्हाईक निराळे: कॉलेजची मुले, सुट्टीवर आलेली कुटुंबे. त्यांना नावाचे आकर्षण आहे, पण महिन्यातून किती वेळा? तेवढ्यावर गाळ्याचे भाडे निघणार नाही. एक गोष्ट मात्र रत्नागिरीच्या हातची आहे. मेक्सिकोच्या बाहा किनाऱ्यावर, एन्सेनादा गावाकडे, तळलेल्या मासळीचा टॅको प्रसिद्ध आहे: पिठात बुडवून तळलेला तुकडा, वर कोबी, लिंबू, पांढरी चटणी. याच मिरजोळ्याच्या वसाहतीतून गद्रे मरीनची सुरिमी परदेशात जाते, आणि मिरकरवाड्याचे बंदर हाकेच्या अंतरावर आहे. सुरमई महाग पडेल, पण बांगडा किंवा स्वस्तातली दुसरी काटा काढलेली मासळी, तांदळाची लहान भाकरी आणि कैरीची कचुंबर यांचा टॅको मुंबईच्या कोणत्याही काचेमागे मिळत नाही. उन्हाळ्यात सोबत कोकमचे सरबत.

गाळ्याची अनामत भाच्याने अजून दिलेली नाही. आमच्या सांगण्यावरून तो येत्या रमजानमध्ये मगरीबनंतर एक तवा, एक कढई आणि चार डबे घेऊन महिनाभर बसणार आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी त्यासाठीही लागते, ती त्याने आधी करून घेतली. रोजची विक्री, उरलेला माल आणि फेकलेला माल, हे तीन आकडे तो वहीत लिहिणार आहे. बहिणीने भाकऱ्या थापून द्यायचे कबूल केले आहे, मात्र शेकड्याला मजुरी आधी ठरवून.