पत्र एक, पत्ते अनेक

रावेर, यावल, चोपडा हे जळगाव जिल्ह्यातील केळीचे तालुके. उन्हाळ्यातील वादळी वारा घटकाभरात उभ्या बागा आडव्या करतो. अशा वेळी इशाऱ्याचा ई-मेल संगणकाच्या प्रोग्रामद्वारे शेकडो बागायतदारांना एकदम धाडता येतो. मात्र तो कोणाकोणास जावयाचा, हे प्रोग्राममध्ये अचूक लिहावे लागते.

ई-मेलमध्ये पत्ते दोन ठिकाणी असतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एक पत्राच्या शिरोभागी, वाचणाऱ्यास दिसणारा. दुसरा जणू पाकिटावरचा. पोस्टमन पाकीट पाहतो, आतला मायना नव्हे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एसएमटीपी’ नियमावलीनुसार सर्व्हरही तसेच करतो. ‘पायथॉन’ भाषेत पाकिटावरील यादीत प्रत्येक पत्ता सुटा द्यावा लागतो. सारे पत्ते स्वल्पविरामांनी जोडून एकच ओळ दिली, तर तो एकच पत्ता समजला जातो आणि इशारा बहुतेकांपर्यंत पोचतच नाही. शिरोभागात मात्र अशी जोडलेली ओळ चालते. घोटाळा होतो तो यामुळेच.

शेकडो पत्ते शिरोभागी लिहिल्यास प्रत्येकाचा पत्ता सर्वांपुढे उघडा पडतो. ते केवळ पाकिटावर ठेवावेत. ‘बीसीसी’ म्हणतात ते हेच.

यादी निराळ्या फायलीत ठेवणे इष्ट. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि शहादे, तळोदे, नवापूर या तालुक्यांचे जिल्ह्याचे ठिकाण बदलले. असा बदल झाला की फायलीतील ओळी तेवढ्या बदलाव्यात; प्रोग्रामला हात लावण्याचे कारण नाही.