मोठे टायर टाकताय? आधी जीपचा पुढचा एक्सल बघा

पावसाळा तोंडावर आला की जुनी फोर बाय फोर जीप, जिप्सी, थार बाळगणाऱ्यांना मोठ्या टायरचे वेध लागतात. टायर बदलणं अर्ध्या दिवसाचं काम. पण त्याचा भार पडतो पुढच्या एक्सलवर, आणि तिकडे बहुतेकांचं लक्ष जातं ते एक्सल तुटल्यावर.

हिशोब साधा आहे. २८ इंचीच्या जागी ३३ इंची टायर टाकला, तर डिफरन्शियल जमिनीपासून फक्त अडीच इंच जास्त वर येतो. गिअरिंग मात्र सुमारे १८ टक्क्यांनी लांबतं. गाडी चढाला दमते, ब्रेक उशिरा लागतात, आणि मीटरवर ५० दिसतं तेव्हा गाडी ५९ ने पळत असते. जोर परत मिळवायचा तर क्राऊन-पिनियन बदलावं लागतं, समजा ४.३० चं असेल तर ५.०७ च्या आसपासचं. तेही पुढे-मागे दोन्हीकडे सारखंच. नाहीतर फोर बाय फोर टाकताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात.

खरी कमजोर जागा म्हणजे नकल. पुढचं चाक ओढतंही आणि वळतंही, म्हणून तिथे शाफ्टमध्ये क्रॉस किंवा सीव्ही जॉइंट असतो. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना त्याची ताकद सगळ्यात कमी. अशा वेळी लो गिअरमध्ये रेस दिली, चाक चिखलात फिरलं आणि अचानक दगडाला धरलं, की क्रॉस गेलाच म्हणून समजा. जड टायरचा झटका त्यात भर घालतो. स्टिअरिंग सरळ करून मग रेस द्यायची, या सवयीला एक रुपया लागत नाही.

जिप्सी आणि जुन्या एमएम ५४० ला पुढे पाट्यांवरचा सरळ एक्सल आहे. मोठ्या टायरसाठी हाच बरा, कारण तो मजबूत करता येतो. २०१० नंतरच्या थार सीआरडीईला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे टॉर्शन बार आवळून गाडी उचलली की सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, बूट फाटतात. त्या गाडीला बेताचेच टायर ठेवावेत, असं आमचं मत.

सरळ एक्सलमध्ये आधी क्रोमोलीचे शाफ्ट आणि चांगले क्रॉस टाका. मग नकलपाशी आधाराच्या पट्ट्या, आणि हाऊसिंगवर ट्रस. वेल्डिंग मात्र जाणकाराकडूनच. एका दमात लांब टाका मारला तर उष्णतेने हाऊसिंग वाकतं, मग टायर एका बाजूने झिजतात. थोडं थोडं, बाजू बदलत वेल्ड करायचं असतं. पुढे लॉकर टाकायचा असेल तर तो शाफ्ट बदलल्यावरच, कारण लॉकरमुळे सगळा जोर एकाच चाकावर येऊ शकतो.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते.

पाण्या-चिखलातून आल्यावर डिफरन्शियलचं ऑइल तपासा. दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच बदला. टाय रॉड वाकलाय का, हबपाशी ऑइल ओघळलंय का, हेही त्याच वेळी बघून घ्या.