स्लाइडशिवाय सरळ चाल

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी घडवण्याचा धंदा जुना आहे. मोटर गोल फिरते, पण माल पुढे ढकलायला सरळ चाल लागते. त्यासाठी स्लाइड बसवली की पॉलिशची धूळ आत शिरते, गाईड झिजते आणि ऐन ऑर्डरीच्या वेळी मशीन अडते.

यावर तोडगा जुनाच आहे. जेम्स वॉट यांनी १७८४ साली वाफेच्या इंजिनासाठी नुसते दांडे व पिना जोडून जवळजवळ सरळ चाल मिळवली. रशियन गणिती चेबिशेव्ह यांनी हे शास्त्र पुढे नेले. अशाच जोडणीवर चालणारे त्यांचे पायांचे यंत्र १८७८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले होते.

कारागीर बंधूंनी पुढील माप करून पाहावे. पाट्यावर ४० मिमी अंतरावर दोन पिना घ्या. पहिलीवर २० मिमीचा क्रँक, दुसरीवर ५० मिमीची डोलती पट्टी. १०० मिमीच्या लांब पट्टीला दोन्ही टोकांना व बरोबर मध्ये भोके पाडा. एक टोक क्रँकला, मधले भोक डोलत्या पट्टीच्या टोकाला जोडा. क्रँक दुसऱ्या पिनेपासून लांबच्या अर्ध्या फेरीत असताना मोकळे टोक ८० मिमी सरळ जाते. फरक जेमतेम ०.२ मिमी. उरलेल्या अर्ध्या फेरीत ते कमानीने परत येते.

आता माल लहान आला, चाल कमी हवी, तर? पुष्कळजण फक्त क्रँक कमी करतात. क्रँक १५ मिमी केला की रेघेला मध्ये १ मिमीहून जास्त झोल पडतो. म्हणून दुसऱ्या पिनेलाही खाच ठेवावी आणि अंतर ३७.८ मिमी करावे. मग चाल सुमारे ६७ मिमी राहते आणि फरक पुन्हा ०.२ मिमीच्या आत येतो. मात्र रेघ सुमारे ५ मिमी दूर सरकते. हत्यार तेवढे सरकवून घ्यावे. ही जुळवणी मोटर बंद करूनच करावी.

बारीक कटिंगला ही जोडणी चालणार नाही. माल ढकलणे, पुसणे अशा कामांना ती पुरेशी आहे. पिनांना चांगले बुश घाला. पिन ढिली झाली तर हिशेबातली अचूकता वाया जाते. लोखंड कापण्याआधी पुठ्ठ्यावर नमुना करून पेन्सिलीने रेघ काढावी. पुठ्ठ्यावरची चूक फुकटात सुधारते, लोखंडावरची खिशातून.