पंधरा सेकंदांची करामत

फोटो काढा, त्याला छानसा रंग चढवा आणि मित्रमंडळींना दाखवा. ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले, तेव्हा त्याचा पसारा एवढाच होता. २० जून २०१३ रोजी त्यात व्हिडिओची सोय आली आणि प्रश्न उभा राहिला, या शांत अल्बमचा आता गोंगाट तर होणार नाही?

चित्रण करणे मुळीच अवघड नव्हते. ते काम फोनचा कॅमेरा करतच होता. अवघड होते ते आवरणे. सेकंदाला ३० चित्रे धरली, तर १५ सेकंदांत ४५० चित्रे होतात, शिवाय आवाज! एवढा ऐवज मंद इंटरनेटवरून पाठवायचा आणि पाहणाऱ्यालाही कंटाळा येऊ द्यायचा नाही. त्यावर १५ सेकंदांची मर्यादा हा नामी तोडगा होता. त्याच वर्षी आलेल्या ट्विटरच्या व्हाइनवर तर जेमतेम ६ सेकंद मिळत.

बटण दाबून धरले की चित्रण सुरू, बोट उचलले की बंद. फोडणीचा चर्र आवाज, दारातली रांगोळी, बाळाचे दुडके पाऊल, असे तुकडे एकापुढे एक जोडता येत. शेवटचा तुकडा फसला, तर तेवढाच पुसता येई. गृहिणीलाही सहज जमावे इतके हे सोपे होते.

व्हाइन जानेवारी २०१७ मध्ये बंद झाले. जुलै २०२० मध्ये, टिकटॉकवरील बंदीनंतर काही दिवसांतच, भारतात रील्स आले. तेही आधी १५ सेकंदांचेच. पुढे ही मर्यादा वाढत मिनिटांवर गेली. आता जेवणानंतर हातात घेतलेला फोन बारा वाजले तरी खाली ठेववत नाही, आणि ओळखीच्यांचे फोटो त्या गर्दीत शोधावे लागतात.