गोष्ट तुमच्यासाठी थांबते

पडद्यावर एक मुलगी उभी आहे. मागे वसतिगृहाची खोली, खाली एक लांबट चौकट, चौकटीत दोन ओळी. मुलगी चालत नाही, हात हलवत नाही. भुवया जरा वर जातात, ओठांचा आकार बदलतो, एवढंच. वाक्य संपतं आणि सगळं थांबतं. तुम्ही कळ दाबेपर्यंत गोष्ट पुढे सरकणार नाही, मग दहा मिनिटं जावोत नाहीतर दहा दिवस. या प्रकाराला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. इतक्या मोजक्या सामग्रीवर माणसाचा जीव एवढा कसा गुंततो, याचं मला फार नवल वाटत आलं आहे.

आम्ही खेळलो तो ‘मॅजिकल डायरी: हॉर्स हॉल’. हानाको गेम्स या छोट्या कंपनीने तो २०११ मध्ये काढला. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आयरिस अकॅडमी नावाची जादूची निवासी शाळा आहे, असं त्यात धरलेलं आहे. नायिका साध्या घरातली. आपल्यात जादू आहे हे तिला नुकतंच कळलंय. तिचं नाव, केस, डोळे आपणच ठरवायचे. मग आठवड्याचं वेळापत्रक लावायचं. लाल, निळी, हिरवी, पांढरी, काळी अशा पाच रंगांच्या विद्या आहेत, त्यांतल्या कुठल्या तासांना बसायचं ते आपल्या हातात. परीक्षा तळघरातल्या भुलभुलैयात होते, आणि एकाच संकटातून सुटायच्या वाटा तुम्ही काय शिकलात त्यावर बदलतात. या सगळ्यातून हळूहळू कुणाशी तरी मन जुळतं. खोलीतल्या दोन मैत्रिणी आहेत, त्यांतल्या एकीचा खोडकर भाऊ आहे, आणि वरच्या वर्गातला निळसर अंगाचा, पंख असलेला डेमियन आहे.

तळा गावी, आईच्या घरी, श्रावणातला पाऊस कौलांवर पडत असताना भाचीच्या लॅपटॉपवर हे चाललं होतं. खेळ इंग्रजीत, म्हणून मी एकेक ओळ मराठीत सांगत होते आणि शेजारी आई बिरडं सोलत ऐकत होती. डेमियन पहिल्यांदा आला तेव्हा तिचा हात परातीवरच थांबला. “गोड बोलतो गं हा. जपून राहा म्हणावं तिला.” पडद्यावर दोन उत्तरांचा पर्याय आला तसा भाचीने माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं. “आजी, सांग आता.” आईने दोन्ही उत्तरं परत वाचून घेतली, थोडा विचार केला आणि मगच सांगितलं. टीव्हीवरची मालिका तिने आयुष्यभर पाहिली आहे, पण मालिका कधी तिच्यासाठी थांबली नाही.

आईचा तो थांबलेला हात पाहिला आणि मला वाटलं, हा प्रकार जपानी संगणकांवर वाढला हे खरं, पण आपल्या मुलखाला तो अनोळखी नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आठवून पाहा. ठाकर समाजातल्या कलावंतांकडे हाताने रंगवलेल्या चित्रांच्या पोथ्या असतात. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे एका पानाला दोन्ही बाजूंनी चित्र. सांगणारा एक पान उभं धरतो, वीणेच्या आणि टाळांच्या साथीने त्या प्रसंगाचं गाणं नि निरूपण करतो, सगळ्या पात्रांचे आवाज स्वतःच काढतो आणि मग पान उलटतो. रामायण-महाभारतातले प्रसंग असे पानापानाने पुढे जातात. ही कला टिकवून धरणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या चित्रांतले चेहरे बहुतेक एका बाजूने काढलेले, डोळे मोठे, शरीराची ठेवण ठरलेली. चित्र रडत नाही की हसत नाही. आवाज बदलला की तोच चेहरा आपल्याला रडवेला दिसू लागतो.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याने साधारण शंभर वर्षांपूर्वी हेच पडद्यावर करून पाहिलं. एका नटाचा भावहीन चेहरा त्याने कधी सुपाच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला. पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यात भूक दिसली, दुःखही दिसलं. व्हिज्युअल नॉव्हेलचा चित्रकार याच भरवशावर काम करतो. एका पात्राचं उभं चित्र एकदाच काढतो आणि त्यावर बसतील असे भुवयांचे, डोळ्यांचे, ओठांचे सुटे तुकडे करून ठेवतो. उरलेला चेहरा वाचणारा स्वतःच्या मनात पुरा करतो.

तळ्याहून मांदाडच्या खाडीकडे उतरलात तर वाटेत कुड्याची लेणी लागतात. डोंगराच्या पोटात सव्वीस लेणी आहेत. सहाव्या लेण्याच्या दाराशी हत्ती आहेत आणि आत भिंतीवर स्त्रीपुरुषांची जोडपी कोरलेली आहेत, चांगली ठसठशीत. जवळजवळ अठराशे वर्षं ती एकमेकांच्या शेजारी उभी आहेत आणि एक अक्षर बोललेली नाहीत. शाळेची सहल गेली की पोरं त्यांना लगेच संवाद देतात. भाचीने तर एका जोडप्याचं भांडण लावून परत मिटवलंही होतं. तिथल्या शिलालेखातली श्रेयनामावली मला फार आवडते. महाभोजांच्या पदरच्या लेखकांच्या घराण्यातल्या शिवमाने लेणं दान दिलं, शिल्पकाम त्याची पत्नी विजया आणि मुलगे यांचं, खांब मुलींचे. एक घर मिळून एक जागा उभी करतं आणि कुणाचं काय ते दगडावर लिहून ठेवतं! आजच्या अशा खेळांच्या शेवटीही नावं सरकत जातात: लेखन यांचं, चित्रं यांची, संगीत यांचं. पुष्कळदा तीही तीनचार माणसांचीच असतात.

आता पर्यायांकडे येऊ, कारण खरी जादू तिथे आहे.

गोष्टीत दहा ठिकाणी निवड करायची आहे आणि प्रत्येक ठिकाणी दोन वाटा आहेत असं समजा. प्रत्येक वाट शेवटपर्यंत वेगळी ठेवायची म्हटली तर १,०२४ शेवट लिहावे लागतील. जन्म पुरायचा नाही. म्हणून लेखक वाटा फोडतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणतो. समजा, पाऊस लागलाय आणि नायिकेजवळ एकच छत्री आहे. ती तुम्ही वर्गमित्राला दिलीत तर दोन ओळी वेगळ्या येतील, नाही दिलीत तर दुसऱ्या दोन. त्यानंतर दोन्ही वाटा त्याच वर्गात, त्याच बाकावर येऊन मिळतात. वरवर पाहता काहीच फरक पडला नाही. पण आत कुठेतरी एका नावापुढे एक आकडा लिहिला गेलेला असतो: छत्री, एक. पुष्कळ प्रसंगांनंतर, वर्षाखेरीच्या नृत्याच्या रात्री, तो मुलगा अचानक म्हणतो की त्या दिवशी तू भिजलीस. ती ओळ त्या एका आकड्यावर उघडते. छत्री दिली नसेल तर ती ओळ अस्तित्वातच नाही, आणि ती चुकली हे तुम्हाला कळतही नाही. माणसामाणसांतल्या जिव्हाळ्याचंही असंच असतं. छोट्या गोष्टीची नोंद राहते आणि फळ फार उशिरा येतं. हे आकडे ठेवण्याच्या साध्या युक्तीतून उतरू शकतं, याचा मला मनापासून आनंद होतो.

प्रश्न विचारून गोष्ट थांबवण्याची रीत तर आपल्याकडे फार जुनी. वेताळपंचविशी घ्या. कोकणात वेताळ म्हणजे वेशीवरचा राखणदार देव, पण पंचविशीतला वेताळ प्रेतात बसतो आणि ते मुकाट्याने वाहून नेणाऱ्या राजाच्या खांद्यावरून गोष्टी सांगतो. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोकं फुटेल. बोलला तर मौन मोडतं आणि वेताळ परत झाडावर. म्हणजे राजाला दोनच वाटा, आणि दुसरीने गेलं की पुन्हा सुरुवातीला! काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात या कथा घेतल्या, आणि त्या ग्रंथाचं मूळ तो ज्या गुणाढ्याकडे नेतो, तो सातवाहनांच्या दरबारातला, आपल्या पैठणचा. छापील मराठीत वेताळपंचविशी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी आणली, १८३० मध्ये.

सोमदेवाच्या पंचविशीतली मंदारवतीची कथा तर थेट तीन वाटांची जादुई प्रेमकथा आहे. मंदारवतीला तिघांनी मागणी घातली. एकाला दिली तर उरलेले दोघे जीव देतील, या धाकाने बापाने कुणालाच दिली नाही. तेवढ्यात ती तापाने गेली. पहिला तिच्या राखेवरच निजू लागला. दुसऱ्याने अस्थी गंगेला नेल्या. तिसरा बैरागी होऊन भटकला आणि मेलेल्याला उठवणारा मंत्र असलेली पोथी चोरून परतला. तिघे जमले, मंत्र म्हटला, मंदारवती उठून बसली. आता ती कुणाची? राजा म्हणतो: उठवणारा बापाच्या जागी, अस्थी नेणारा मुलाच्या जागी, राख न सोडणारा तोच नवरा. आईला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने राजाचा निकाल मान्य केला. भाचीने मात्र केला नाही, आणि तिचं कारण मला तेव्हा सुचलं नव्हतं. ते पुढे सांगते.

जपानमध्ये हा प्रकार आला तो रहस्यकथांच्या वाटेने. यूजी होरी यांचा खुनाच्या तपासाचा खेळ १९८३ चा. १९९६ मध्ये लीफ या कंपनीने आपल्या मालिकेला व्हिज्युअल नॉव्हेल हे नाव दिलं आणि ते रुळलं. पण हलक्याफुलक्या जादुई प्रेमाच्या दृष्टीने मला १९९४ चं वर्ष मोठं वाटतं. त्या वर्षी कोएई कंपनीतल्या रुबी पार्टी या बायकांच्या गटाने ‘अँजेलिक’ काढला. एका अद्भुत विश्वाची राणी होऊ पाहणारी मुलगी आणि तिच्याभोवती निरनिराळ्या शक्तींचे रक्षक. तोवर प्रेमाच्या खेळांत खेळणारा बहुधा मुलगा असे आणि मुली त्याने जिंकायच्या. इथे निवडणारी ती झाली.

मराठीतही असल्या कथांची भूक होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. पुढे वास्तववादी कादंबरीचे दिवस आले आणि समीक्षकांनी या अद्भुतरम्य पुस्तकांना बाजूच्या फळीवर ठेवलं. माझ्या मते ते घाईचं झालं. लोकांनी ती आवडीने वाचली होती, आणि आवडीमागे काहीतरी असतं.

असा खेळ आज मराठीत करायचा तर काय लागतं? रेनपाय नावाचं एक मोफत साधन आहे. टॉम रॉथमेल यांनी ते २००४ मध्ये आणलं. हॉर्स हॉलही त्यावरच बनला आहे. त्यात गोष्ट साध्या मजकुराच्या फाइलीत नाटकासारखी लिहायची: पात्राचं नाव, पुढे त्याचं वाक्य. पर्याय द्यायचा तिथे मेन्यू लिहायचा आणि प्रत्येक पर्यायाखाली कुठे उडी मारायची ते सांगायचं. खेळताना तुम्ही ओळीमागून ओळ मागे जाऊ शकता, कारण प्रत्येक पायरीला काय बदललं याची नोंद ते ठेवतं. दुसऱ्यांदा खेळायला बसलात तर आधी वाचलेला मजकूर भराभर ओलांडून नव्या ओळीशी थांबतं.

आपल्या लिपीची मात्र त्यात बराच काळ अडचण होती. ‘प्रिय’ हा शब्द संगणकात पाच तुकड्यांत असतो: प, हलंत, र, ऱ्हस्व वेलांटी, य. वेलांटी साठवलेली असते र च्या नंतर, पण दिसायला हवी सगळ्यांच्या आधी. आणि प नि र जोडून एकच अक्षर व्हायला हवं. तुकडे आले तसे एकापुढे एक मांडले तर ‘प्रिय’ने सुरू होणाऱ्या पत्रातलं पहिलंच अक्षर मोडतं. २०२३ मध्ये रेनपायच्या ८.१ आवृत्तीत हार्फबझ ही अक्षरजुळणीची यंत्रणा आली. ती तुकडे पाहून त्यांचा योग्य आकार निवडते, वेलांटी जागेवर नेते, जोडाक्षर बांधते. त्याच सुमारास कुणी प्रेमकथा लिहायला बसलं असेल तर त्याला या बदलाचं मोल वेगळं सांगायला नको.

भाचीने ते साधन उतरवून घेतलं आणि सरावाला मंदारवतीची कथा घेतली. मागचं चित्र म्हणून कुड्याच्या लेण्यातला तिने काढलेला फोटो, पात्रं वहीत पेनाने काढून मोबाइलने टिपलेली. वेताळाच्या प्रश्नाशी तिने मेन्यू लिहिला. पहिल्या तीन ओळी अपेक्षित होत्या: राख, अस्थी, मंत्र. चौथी ओळ तिने स्वतःची घातली: ‘मंदारवतीला विचारा.’ मला एकदम लख्ख दिसलं की सगळ्या कथेत हा प्रश्न कुणीच विचारलेला नाही. बापाने नाही, तिघांनी नाही, वेताळाने नाही, राजानेही नाही.

तिसऱ्या वाटेपर्यंतचं लिखाण झपाट्याने झालं. चौथी अजून अडली आहे. भाचीचं म्हणणं, मंदारवतीने आधी मेल्यानंतर काय पाहिलं ते सांगावं आणि तिघांनाही निवडू नये. आई म्हणते, आधी तिला काहीतरी खायला घाला, मग विचारा. दोन्ही वाटा लिहून ठेवायला जागा आहे, म्हणून त्या दोन्ही लिहिल्या जात आहेत.