पिसांमागची किंगरी

दसरा सरला की तेलंगणाच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या राजगोंडांच्या गावांत दंडारीची लगबग सुरू होते. एका गावचं पथक दुसऱ्या गावी पाहुणं म्हणून जातं, रात्र जागवतं, यजमानांकडे जेवतं आणि पुढची वाट धरतं. दिवाळीपर्यंत हे चालू राहतं. पथकात नजर खिळते ती गुस्साडीवर. डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात दंडुका. व्रत संपेपर्यंत तो आंघोळही करत नाही.

छायाचित्रांत हीच पिसं दिसतात. गुस्साडीचे पाय ज्यावर पडतात ते ढोल, तुडुम आणि सनईच्या जातीचं पेपरे मात्र चौकटीबाहेर राहतं. वाजवणारे बहुतेक परधान नाहीतर तोटी या भाट जमातींतले.

मराठी वाचकाला परधान परके वाटू नयेत. आदिलाबादच्या परधानांच्या घरात मराठी बोलली जाते. गोंडांची कुळकथा मात्र ते गोंडीत गातात. ठरलेल्या गोंड कुटुंबांशी त्यांचं पिढीजात नातं असे. देवकार्याला आणि मरणाला परधानानं तीन तारांची किंगरी गजानं वाजवत कुळाची गाथा सांगायची, यजमानानं धान्य, कापड, जनावर द्यायचं. ऑस्ट्रियाहून आलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फनं निजामाच्या राज्यात, 1940च्या दशकात, मारलवाईला मुक्काम करून हे सारं टिपलं. त्याचा राजगोंडांवरचा ग्रंथ 1948 साली आला. पुढे 1970च्या दशकात तो परतला, तेव्हा त्याला बदललेला मुलूख दिसला. 1979च्या पुस्तकात त्याची नोंद आहे. जमीन हातची गेली की धान्य आटतं आणि धान्य आटलं की गाथाही लांबत नाही, हे समजायला मानववंशशास्त्र लागत नाही.

याच मारलवाईचे कनक राजू. त्यांनी गुस्साडी नाच शिकवला, पथकं घडवली आणि इंदिरा गांधींच्या काळात प्रजासत्ताक दिनानिमित्त दिल्लीत नाच सादर केला. पोटासाठी ते गावच्या आश्रमशाळेत स्वयंपाक करत. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 25 ऑक्टोबर 2024 रोजी, दिवाळी आठवड्यावर आली असताना, ते गेले.

दिल्लीच्या त्या खेळानं एक गोष्ट मात्र बदलली. रात्रीच्या रात्री चालणारं व्रत काही मिनिटांच्या सादरीकरणात बसवावं लागलं. मंचाला पिसं आणि ढोल पुरतात. कुळकथा ऐकायला वेळ कुणाला? सरकारी मेळे, शोभायात्रा, स्वागतसमारंभ यांतून गुस्साडी आदिलाबादचा चेहरा झाला, ही चांगलीच गोष्ट. पण किंगरी त्या चेहऱ्यामागे गेली.

सिनेमानं तिसरीच वाट धरली. आसिफाबादकडच्या जोडेघाटला 1940 साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात गोंडांचे पुढारी कुमरम भीम मारले गेले. 2022च्या ‘आरआरआर’मध्ये त्यांच्या नावाच्या नायकावर चित्रित झालेलं ‘कोमुरम भीमुडो’ सुद्दाला अशोक तेजा यांनी लिहिलं, एम. एम. कीरवाणींनी बांधलं आणि काल भैरवनं गायलं. या गाण्यासाठी त्याला पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणं काळजाला भिडतं, यात वाद नाही. पण ते तेलुगू सिनेमाचं गाणं आहे, गोंडी गावाचं नाही. भीमांचं नाव देशभर पोचलं. त्यांच्या लोकांचा सूर पोचला, असं म्हणता येणार नाही.

2016 साली जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि मारलवाई कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली. दंडारीला या रेषांशी देणंघेणं नाही. गोदावरीकाठच्या गुडिरेवूच्या पद्मलपुरी काको या देवीकडे पथकं आजही जातात. ते ठिकाण आता मंचेरियाल जिल्ह्यात येतं. पौष अमावास्येला भरणाऱ्या केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेस्राम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी आणायला पायी निघतात, तेही तसंच चालू आहे.

त्या जत्रेत किंगरी अजून विधीचा भाग आहे. तिच्या गाण्याला टाळ्या मिळत नाहीत, कारण तिथे ती ऐकवण्यासाठी नव्हे, देवासाठी वाजते. पद्मश्रीच्या यादीत गुस्साडीला जागा मिळाली, ती रास्तच. आता एखाद्या मराठी बोलणाऱ्या परधान किंगरीवाल्याचं नाव त्या यादीत सुचवायचं झालं, तर शिफारशीचा अर्ज आदिलाबादहूनच निघायला हवा असं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या हद्दीतही परधान राहतात.